सरांनी टाकलेला शब्द

हिवाळी अधिवेशन आलं की नागपूरच्या अंगात येतं. वर्षभर खड्ड्यांत नांदणारे रस्ते आठवड्याभरात गुळगुळीत होतात, दुभाजकांना रंग चढतो, हॉटेलात खोली मिळत नाही, आणि राज्यभरातले मोर्चे झेंडे, सतरंज्या आणि भाकरीची गाठोडी घेऊन येऊन धडकतात. पोलीस त्यांना ठरलेल्या चौकात अडवतात. मग चार-पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं, मंत्र्याला निवेदन देतं, फोटो काढून घेतं आणि बाहेर येऊन 'सकारात्मक चर्चा झाली' असं माइकवर सांगतं. टाळ्या पडतात. मोर्चा तर्री-पोहे खाऊन गावाकडे वळतो. निवेदनाचं पुढे काय झालं, हे विचारायचं नसतं.

केतकी लांजेवारने ते एकदा विचारलं होतं. कॉलेजात असताना वसतिगृहांच्या प्रश्नावर निघालेल्या मोर्च्यात तिचा घसा बसला होता, आणि महिन्याभराने त्या निवेदनाची चौकशी करायला गेल्यावर कारकुनाने तिला 'कोणतं निवेदन?' असं अगदी प्रेमाने विचारलं होतं. त्या दिवशी तिने ठरवलं, की ओरडून काही होत नाही. कान कुठे आहे ते आधी शोधायला हवं. त्या शोधात ती 'जनसंवाद' या सल्लागार संस्थेत पोचली आणि चाळिशीला टेकेपर्यंत तिथल्या नागपूर शाखेची प्रमुख झाली. संस्थेचं काम एका वाक्यात सांगायचं तर सरकारचं मन वळवणं. कुठल्या बाजूला वळवायचं, ते गिऱ्हाईक सांगत असे.

पूर्वी हा सगळा अंदाजपंचे कारभार होता. मोर्चा काढा, सह्या गोळा करा, एखाद्या प्राध्यापकाकडून अहवाल लिहून घ्या, संपादकाला जेवायला न्या, मंत्र्याच्या साडूला गाठा. यातलं नेमकं काय लागू पडलं ते कुणालाच कळत नसे. निर्णय मनासारखा झाला की जो तो म्हणे, माझ्यामुळे झाला. 'तोल' आलं आणि हे संपलं. एखाद्या मंत्र्याची आजवरची भाषणं, मुलाखती, सभागृहातली उत्तरं, कोणता निर्णय त्याने अडवून धरला आणि कुणाला भेटल्यावर सोडला, असं जे जे उघड्यावर सापडेल ते सगळं तोल नावाचं हे यंत्र गिळत असे. आवाज कुठे अडखळतो, कुणाचं नाव घेताना मऊ होतो, हेसुद्धा. त्यातून त्या माणसाच्या निर्णय घेण्याच्या सवयींचं एक गणिती प्रतिरूप उभं राही. मग त्या प्रतिरूपाला विचारायचं : हा मुद्दा अमक्याने मांडला तर तुझं मत किती सरकेल? तमक्याने मांडला तर? खऱ्या मंत्र्याची भेट मिळवता मिळवता चपला झिजतात. प्रतिरूपाला हवं तितक्या वेळा भेटा, ते कंटाळत नाही.

यातून एक गोष्ट निघाली, ती यंत्र बनवणाऱ्यांनाही नवी होती. काय सांगितलं यापेक्षा कोणी सांगितलं याला वजन जास्त, इथवर सगळ्यांना ठाऊक होतं. तोलने दाखवलं की हे वजन दर मागणीबरोबर झिजतं. आमदाराने पहिल्यांदा टाकलेला शब्द आणि दहाव्यांदा टाकलेला शब्द यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. आणि सगळ्यांत जड शब्द कुणाचा? ज्याच्याबद्दल मंत्र्याला मनापासून आदर आहे आणि ज्याने मंत्र्याकडे जन्मात काही मागितलेलं नाही, अशा माणसाचा. तोलच्या पडद्यावर अशा माणसाच्या नावापुढे 'अखर्चित' असं उमटायचं. सरकारी अंदाजपत्रकात न वापरलेल्या निधीला म्हणतात, तसंच.

त्या वर्षी ठेकेदारांचा एक महासंघ संस्थेकडे आला होता. त्यांना 'उष्मा-विराम' नावाचा नियम नको होता; निदान पुढचे दोन उन्हाळे तरी नको होता.

नागपूरचा उन्हाळा पूर्वी कडक असला तरी कोरडा असे. वाळ्याच्या ताट्या भिजवाव्यात, कूलर लावावा, की घर निवायचं. माणसाचं शरीर हाही एक कूलरच. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून माणूस उन्हात टिकतो. पण अलीकडे मे महिन्यातच समुद्रावरची दमट हवा आत घुसू लागली होती. कूलर नुसताच ओलं वारं फेकायचा. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं की जो आकडा दिसतो, तो एका मर्यादेपलीकडे गेला म्हणजे घाम वाळणंच बंद होतं, आणि मग राबणारं शरीर आतल्या आत तापत जातं. डोक्यावरचा शेला, खिशातला कांदा, माठातलं पाणी, काही उपयोगी पडत नाही. नव्या नियमाचा मसुदा सांगत होता की हा आकडा मर्यादेपलीकडे गेला की उघड्यावरचं काम थांबवायचं आणि त्या दिवसाची मजुरी ठेकेदाराने द्यायची. कामगार खात्याचे मंत्री हेमंत गभणे तो नियम याच अधिवेशनात जाहीर करणार होते, आणि त्यांना अडवेल असं कुणी दिसत नव्हतं.

केतकीचा पुण्याचा वरिष्ठ समीर दातार तेवढ्यासाठी नागपुरात आला होता. त्याने गभणेंच्या प्रतिरूपाला प्रश्न टाकला. महासंघाचा अध्यक्ष? काही नाही. अर्थतज्ज्ञांचा अहवाल? किंचित. पक्षातले वजनदार नेते? उलटाच परिणाम, गभणे हट्टाला पेटणार. मग पडद्यावर एकच नाव बाकीच्यांच्या कितीतरी वर येऊन थांबलं, आणि केतकीला वाटलं यंत्र बिघडलं.

मधुसूदन लांजेवार. निवृत्त शिक्षक, नागपूर. अखर्चित.

"हे तुझे कोण?" समीरने विचारलं.

"बाबा. गभणे शाळेत त्यांचे विद्यार्थी होते. पण समीर, बाबा कुणासाठी शब्द टाकत नाहीत. माझ्या ॲडमिशनच्या वेळीसुद्धा टाकला नाही."

"म्हणून तर," समीर म्हणाला.

"मी त्यांना असलं काही सांगणार नाही."

"सांगायचं नाहीच आहे. सांगितलं तर ते नकार देतील, तोलही तेच म्हणतोय. त्यांना आपणहून वाटायला हवं."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी पुण्याहून दुसरं कुणी आणीन. तुझ्या बाबांना न ओळखणारं. ते जपून करेल की नाही, मला सांगता येणार नाही."

केतकी घरी जाताना विचार करत राहिली. दुसऱ्या कुणी केलं तर बाबांना त्रास होईल. मी केलं तर निदान सांभाळून करीन. शिवाय काम बंद होण्याला घाबरणाऱ्या मजुरांची बाजू बाबांना कळली तर त्यात वाईट काय? शेवटी बोलायचं की नाही, ते तेच ठरवणार आहेत. आपली समजूत काढायला माणसाला यंत्र लागत नाही, ते काम तो जन्मजात उत्तम करतो. घर येईपर्यंत केतकीचं ठरलं होतं.

लांजेवार सरांना ज्यावर मत नाही असा विषय त्रिभुवनात नव्हता. सावजी रश्श्यात खसखस किती असावी, महापालिकेने रस्त्याकडेला कडुनिंब सोडून भलती झाडं का लावली, डावखुऱ्या गोलंदाजाला कुठल्या टोकाने चेंडू द्यावा, या सगळ्यावर ते ठणकावून बोलत. पत्नी गेल्यापासून ऐकायला घरात केतकी एकटीच उरली होती आणि ती अर्धं ऐकायची, तरी ते थांबत नसत. मात्र मतं द्यायची ती फुकट, आणि कुणाकडून काही मिळवण्यासाठी नाही, असा त्यांचा खाक्या होता. अधिवेशनाच्या दिवसांत त्यांच्या घरामागच्या अंगणात जुन्या विद्यार्थ्यांची रोडग्यांची पंगत बसे. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वर तुपाची धार, वांग्याची भाजी आणि वरण. त्यात मंत्री असत, रिक्षाचालक असत, एक न्यायाधीश आणि एक सायकल दुरुस्त करणारा असे. नियम एकच होता. पंगतीत कामाचं बोलायचं नाही. एकदा कुणीतरी बदलीचा विषय काढला तेव्हा सर म्हणाले होते, "भाजी घे रे, अन् ते उद्या कचेरीत बोल." हेमंत गभणे आमदार असल्यापासून या पंगतीला गाडी गल्लीबाहेर सोडून, एकटे, पायी येत. वर्षभरात हे एकच जेवण असं होतं जिथे त्यांच्याकडे कुणाला काही नको असायचं.

आता बाबांचंही प्रतिरूप बनवायचं होतं. वर्तमानपत्रांतली त्यांची पत्रं, वाचनालयातली भाषणं, एवढं यंत्राला मिळालं. पण ते अपुरं होतं. उरलेलं केतकीने एका दुपारी बसून स्वतः भरलं. समोरासमोर वाद घातला की ते अडून बसतात. स्वतःशी बोलल्यासारखं काही म्हटलं की मनात घोळवतात. पुढाऱ्यांवर विश्वास नाही. कष्टकरी माणसाने तोंडाने सांगितलेलं मात्र मानतात. आईची आठवण निघाली की मवाळ होतात. हे सगळं तिला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि लेकीला ते ठाऊक असतं यात काही नवल नाही. ते लिहून काढताना तिचे हात एकदाही थबकले नाहीत, हे तिला पुढे फार लागलं.

सर दर रविवारी मोहल्ल्यातल्या वाचनालयात बसत. त्या रविवारी जवळच्या उड्डाणपुलावर काम करणारी दहा-बारा माणसं तिथे आली. त्यांच्यात भंडाऱ्याकडची यमुना नावाची बाई होती. नवरा देवचंद मागे उभा होता, बोलणं तीच करत होती.

"सर, हे उन्हाचा कायदा येऊन राह्यला म्हंते. काम बंद म्हंजे चूल बंद. ठेकेदार घरी बसल्याचे पैसे देते का कधी? तो मशीन आनन अन् आमाले हाकलून देईन. आमी गावाकडं जाऊन काय करावं, सांगा बरं?"

"पण ऊन सोसतं का तुम्हाला?" सरांनी विचारलं.

"ऊन सोसते जी. उपास नाई सोसत."

तिचा एकही शब्द खोटा नव्हता आणि कुणी पढवलेलाही नव्हता. संस्थेने फक्त निवड केली होती. त्याच पुलावरची एक बाई आदल्या वर्षी आपला भाऊ उन्हाने गेला म्हणून हा नियम पाहिजेच, असं सांगत होती. तिला गाडीत बसवलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवशी जेवताना सर गप्प होते. केतकीने विचारलं नाही. विचारायचं नाही, असंच ठरलं होतं. शेवटी तेच म्हणाले, "त्या नियमात मजुरी द्यायची सोय आहे ना गं?"

"आहे." मग पोळीचा तुकडा मोडत, स्वतःशीच बोलल्यासारखं ती म्हणाली, "पण कागदावरचं आजवर कुणाच्या हातात पडलंय."

मसुद्यात ही मजुरी ठेकेदाराच्या बिलातून कापून सरकारने थेट मजुराच्या खात्यात टाकायची होती. हे कलम केतकीने स्वतः वाचलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या जिभेवर आलं आणि तिने ते वरणभाताबरोबर गिळलं. सरांनी मान हलवली. पुढचे काही दिवस तोलने सुचवलेल्या छोट्या छोट्या गोष्टी ती करत राहिली. घरी येणाऱ्या वर्तमानपत्रात एक लेख, बोलता बोलता आईच्या माहेरच्या दुष्काळाची आठवण, बस. सरांचं मन ज्या उतारावर होतं, त्या उतारावर जरासं पाणी सोडायचं होतं.

पंगतीच्या दिवशी गभणे आले. ताटं वाढली गेली. सायकलवाल्याने शाळेतली कुठलीशी फजिती सांगितली, सगळे खो खो हसले. हसू ओसरलं तेव्हा सर म्हणाले, "हेमंत, एक बोलू का?"

न्यायाधीशबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"तुझा तो उन्हाचा नियम. हेतू चांगला आहे, बाप्पा, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांच्यासाठी आणून राहिला, त्यांना विचारलं का? मी विचारलं. त्यांना भीती वाटून राहिली. घाई नको करू."

गभणेंनी ताटातून मान वर केली. "सर, तुम्ही कधी काही म्हणत नाही."

"म्हणून आज म्हणतो."

"बरं, सर," गभणे म्हणाले आणि खाली मान घालून जेवू लागले. वाढायला उभ्या असलेल्या केतकीच्या हातातली तुपाची वाटी कलली होती; तूप तिच्या मनगटावरून ओघळत होतं.

अधिवेशन संपता संपता नियम 'अधिक अभ्यासासाठी' दोन वर्षं पुढे ढकलला गेला. समीरने संत्रा बर्फीचा मोठा डबा पाठवला. सरांनी एक बर्फी खाल्ली आणि म्हणाले, "आयुष्यभराचा नियम मोडला मी. पण त्या बाईसाठी मोडला, याचं समाधान आहे." केतकी 'हो बाबा' म्हणाली. आपल्याला आनंद का होत नाही, हे तिला त्या वेळी नीट उमगलं नाही.

मग मे महिना आला, आणि असा आला की कावळे झाडांवरून उडेनात. आकाश पांढुरकं, हवा ओल्या गोधडीसारखी. उड्डाणपुलाचा स्लॅब टाकायला घेतला होता, आणि स्लॅब एकदा सुरू केला की मध्ये थांबवता येत नाही. सांधा कच्चा राहतो. दुपारी देवचंद मिक्सरशेजारी बसला. त्याला घाम येणं थांबलं होतं. तो असंबद्ध बोलू लागला, तेव्हा बाकीच्यांनी त्याला सावलीत ओढलं, अंगावर पाणी ओतलं. दवाखान्यात पोचण्याआधीच तो गेला. मसुदा नियम झाला असता, तर त्या दिवशी तिथे काम बंद राहिलं असतं, आणि त्याच्या आदल्या दिवशीही.

सरांनी बातमी वाचली. नाव ओळखीचं वाटलं म्हणून ते रिक्षाने मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांकडे गेले. यमुनाने त्यांना बसायला पोतं दिलं. तिने त्यांना दोष दिला नाही. दोष द्यायचं तिच्या डोक्यातच नव्हतं. तिने फक्त सहज विचारलं, "पोरगी नाई आली जी तुमची? तिच्याच हापिसातल्या पोरायनं आमाले गाडीत बसवून तुमच्याकडं आनलं होतं ना. चिवडाबी देल्ला होता."

केतकी संध्याकाळी ऑफिसातून आली तेव्हा सर बैठकीत, पंखा न लावता बसले होते.

"मला काय वाटावं, हे तू ठरवलं होतं का?"

केतकीने पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. नाही म्हणणं शक्य होतं. तिला ते बापाच्या चेहऱ्याकडे बघून जमलं नाही. "बाबा, तुम्हाला कुणी खोटं सांगितलं नाही. एक शब्दही नाही."

"ते तर आणखी वाईट." सरांचा आवाज चढला नाही. "खोटं सांगितलं असतं तर मी फसलो असतो. मग तुझ्यावर रागावून मोकळा झालो असतो. तसं झालं नाही. मी खरं ऐकलं, विचार केला, अन् चुकलो. अन् तो विचारही माझा नव्हता. एक माणूस मेला, केतकी, अन् त्यातली माझी चूक कोणती ते मला हुडकता येऊन नाही राहिलं."

केतकीने त्या महिन्यात नोकरी सोडली. त्याने संस्थेचं काही अडलं नाही. लांजेवार सरांवरचा प्रयोग इतका यशस्वी ठरला होता, की तोलच्या पुढच्या आवृत्तीत 'अखर्चित' माणसं शोधण्याची वेगळी सोयच केली गेली. मग महासंघ काय, संघटना काय, साखरवाले काय, दारूबंदीवाले काय, चांगली कामं करणारे आणि वाईट कामं करणारे, सगळेच त्या शोधाला लागले. कुणा सचिवाच्या बालमैत्रिणीला, कुणा आमदाराच्या तालमीतल्या वस्तादाला, कुणा मंत्र्याच्या आजोळच्या डॉक्टरला आपणहून काहीतरी वाटू लागलं. तेही कधी काही न मागणारे लोक होते. प्रत्येकाने एकेकदा शब्द टाकला, आणि प्रत्येकाचा शब्द खर्च झाला. सत्तेतल्या माणसांनाही हळूहळू वास आला. कुणी प्रेमाने काही सुचवलं, की ते आधी विचारू लागले की याच्यामागे कोण आहे. राज्यात निरपेक्षपणे सांगणारी माणसं होती, अजूनही होती. त्यांचं ऐकणारा उरला नाही.

पुढच्या हिवाळ्यात गभणे पंगतीला आले नाहीत. त्यांच्या स्वीय सहायकाचा फोन आला. तो फार अदबीने बोलला.

"सर, साहेबांनी नमस्कार सांगितलाय. यंदा येणं होत नाही. आणि विचारलंय, आपलं काही काम आहे का? असेल तर संकोच करू नका म्हणाले."

सरांनी 'काही नाही' म्हणून फोन ठेवला. पंगत त्या वर्षी झाली नाही, पुढेही झाली नाही.

त्याहून वाईट जे झालं ते घरातल्या घरात झालं. सर गप्प झाले. भाजी कोणती करू विचारलं तर "कर काहीही" म्हणत. वर्तमानपत्र वाचून बाजूला ठेवत, एका शब्दानेही कुणाला शिव्या देत नसत. शेजारी क्रिकेटवरून वाद घालायला आले तर हसून "असेल बाप्पा तुमचंच खरं" म्हणत. केतकीला पूर्वी त्यांच्या मतांचा वीट यायचा. आता घर इतकं शांत असे की कुकरच्या शिट्टीने ती दचकायची.

एकदा तिने धीर केला. दोन वर्षं भरत आली होती आणि उष्मा-विरामाचा नियम पुन्हा चर्चेला येणार होता. तिने संपूर्ण मसुदा, विरुद्ध बाजूचे आक्षेप आणि उन्हाने गेलेल्या माणसांची माहिती, दोन्ही बाजूंचं सगळं त्यांच्यासमोर ठेवलं. "बाबा, या वेळी मी काही लपवलं नाही. वाचा. पटलं तर वर्तमानपत्रात पत्र लिहा. तुमचं पत्र लोक वाचतील."

सरांनी कागदांना हात लावला, उचलले नाहीत.

"वाचीन. अन् मला पटेल, ते दिसूनच राहिलं. मागल्या खेपेला उलटं पटलं होतं, तेही असंच, अगदी आतून. पूर्वी मला काही वाटलं की ते मला वाटलं, एवढं पुरत होतं. आता वाटतं अन् लगेच मागं वळून बघतो, कोण ढकलून राहिलं म्हणून. अशा माणसानं लिहू नये."

नियम पुन्हा पुढे ढकलला गेला. या खेपेला कुणाच्या शब्दाने, ते केतकीला ठाऊक नव्हतं. मोर्चा निघाला होता. ती त्यात गेली होती, यमुनाच्या शेजारून चालली होती. चौकात अडवलं गेलं, शिष्टमंडळ आत गेलं, सकारात्मक चर्चा झाली. यमुनाने तिला पोह्यांतला अर्धा भाग काढून दिला. सरांची ती मुलगी आपणच आणि तिला वाचनालयात नेण्यामागेही आपणच होतो, हे केतकीने तिला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं. यमुना ऐकून म्हणाली होती, "तुमी नसतं आनलं तरी मी तेच बोलली असती, बाई. मले तवा तेच वाटत होतं." त्या उत्तराने केतकीला दिलासा मिळायला हवा होता. मिळाला नाही.

घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि सर मागच्या अंगणात पायरीवर बसून जास्वंदीची वाळकी पानं खुडत होते. केतकी त्यांच्या खालच्या पायरीवर बसली. हे बोलायचं ती कितीतरी महिने ठरवत होती.

"बाबा, माझं चुकलं. फार चुकलं. तुम्ही मला रागावलाही नाहीत. एकदा रागवा, नाहीतर एकदा माफ केलं म्हणा. दोन्हीतलं काहीतरी करा. मला राहवत नाही हो."

ती रडत होती. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ताप बघायला ठेवत, तसा तो किती तरी वेळ ठेवला.

"म्हणतो की," ते म्हणाले. "माफ केलं, बेटा. तुझी आई असती तर तिनंही हेच म्हटलं असतं." मग त्यांनी हात काढून घेतला आणि तिच्याकडे अगदी सरळ, निर्मळ कुतूहलाने पाहिलं. वर्गातल्या हुशार मुलीला प्रश्न विचारावा तसं त्यांनी विचारलं, "पण एक सांग. हे मी केलं, की तू माझ्याकडून करवून घेतलं? मला नाही कळत. तुला कळते का?"

केतकीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ती आज ऊन उतरायची वाट बघत थांबली होती की सहज उशिरा आली होती? त्यांच्या शेजारी न बसता खालच्या पायरीवर का बसली? रडू आपोआप आलं होतं, ते येणार आहे हे तिला आधी माहीत होतं का? तिने प्रामाणिकपणे, एकेक आठवून पाहिलं.

"नाही कळत, बाबा," ती म्हणाली.

सरांनी मान हलवली आणि पुन्हा पानं खुडायला घेतली.